उसन्या हाताचं बीपी

६ जुलै, रविवार. दुपारी.

आजपासून रोजनिशी. आधी एक गोष्ट लिहून ठेवतो: मला काहीही झालेलं नाही.

सकाळी आशाताई पूजा दुकानासमोरच्या कट्ट्यावर आली. तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी बघायचं सरकारी काम आहे म्हणे. कट्ट्यावर आम्ही पाच जण. बाकीच्यांची भीती मोडावी म्हणून मीच पुढं होऊन हात दिला. अजितकुमार चौगुले किराणावाले म्हटलं की गावात मान आहे, त्यामुळं पुढारीपण अंगावर येतंच. पूजानं पट्टा आवळला, आकडा बघितला. पुन्हा आवळला. मग भर कट्ट्यावर म्हणाली, "अण्णा, वरचं एकशे अडुसष्ट, खालचं एकशे दोन. लय हाय. आजच उपकेंद्रात चला."

बाकी चौघांपैकी तिघांचं नॉर्मल. त्यातला एक तर बिडी ओढत होता. चौथा रमजान टेलर. त्याचंही नॉर्मल, पण तो सहा वर्षं गोळी खातो, तेव्हा ते धरत नाही.

उपकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी पांढरी छोटी गोळी दिली. रोज रात्री जेवल्यावर एक, आणि कायमची. आमच्या गावात पोरालासुद्धा ठाऊक आहे, बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही. म्हणजे खरा आजार गोळीच. माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षं जगले, ताटात लोणचं नाही असा दिवस गेला नाही, आणि त्यांना बीपी कधीच निघालं नाही. कधी मोजलंच नव्हतं.

ही वही मेथीच्या डब्यामागं ठेवणार. तिथं कुणी हात घालत नाही.

७ जुलै, सोमवार

पूजानं आमच्या पोराला, अतिशयला, फोन करून सांगितलं. दोघं शाळेत एका वर्गात होते, त्याचा हा तोटा. अतिशय पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, अकराव्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. अटी अशा: तो बीपीचं मशीन पाठवणार. मी रोज सकाळी सातला रीडिंगचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. दिवाळीपर्यंत वरचं एकशे चाळीसच्या आत आलं नाही, तर दुकानाला कुलूप आणि आम्ही दोघं पुण्याला, त्याच्या डोळ्यांसमोर.

अकराव्या मजल्यावर मी काय करू? मागं चार दिवस राहिलो तेव्हा कट्टा शोधत पार्किंगमध्ये फिरलो होतो. वॉचमननं नाव विचारलं.

बायको चंदनाही घाबरली. तिचं मंदिर इथं, मैत्रिणी इथं, परसातला मोगरा इथं. म्हणाली, "आवं, गोळी घ्या की गप. येवडुसी तर हाय." बायकांना लांबचं दिसत नाही.

संकल्प, उद्यापासून: पहाटे चार किलोमीटर चालणे. लोणचं-पापड बंद. गोळी वेळेवर. कुणावर रागवायचं नाही.

८ जुलै, मंगळवार

चाललो. एसटी स्टँडपर्यंत. तिथं भजी गरम होती. कांदा आपल्यात वर्ज्य, म्हणून मी तो फक्त बाहेर खातो. घरात शिस्त आहे.

गोळीचं एक धर्मसंकट निघालं. गोळी रात्री जेवल्यावर घ्यायची, आणि जैन माणसानं सूर्य मावळल्यावर अन्नपाणी घ्यायचं नाही. वडील पाळायचे. मधे काही काळ, म्हणजे तीसेक वर्षं, दुकानाच्या गडबडीत माझ्याकडून पाळलं गेलं नाही. आजपासून पाळणार. साडेसहाला जेवलो. गोळी रात्रीची, आणि रात्री पाणी चालत नाही. सबब गोळी नाही. धर्मापुढं इलाज नाही.

(नंतर थोडे खारे शेंगदाणे. टीव्ही बघताना. नकळत.)

१० जुलै, गुरुवार

मशीन आलं. सकाळी सातला बसलो. १६४/१००. खोल श्वास घेतला, णमोकार मंत्र म्हटला, पुन्हा लावलं. १७०/१०२. तिसऱ्यांदा १७२. मशीनमध्ये नक्की काहीतरी बिघाड. खात्री करावी म्हणून पट्टा चंदनाच्या डाव्या हाताला बांधला. १२६/८०.

म्हणजे मशीन चांगलं आहे.

आकडा बघायला सुंदर होता. फोटो काढला. चुकूनच. ग्रुपवर गेलासुद्धा. अतिशयनं तीन टाळ्या पाठवल्या, सूनबाई कीर्तीनं फुलांचा गुच्छ. आता परत कसा घेणार? लोकांचा आनंद हिरावून घेणं हीसुद्धा हिंसाच.

११ जुलै, शुक्रवार

चंदनाला समजावलं. एकच आठवडा तुझा हात दे, तोवर माझं खाली येतंय. ती म्हणाली, "लेकराला फसवायचं व्हय?" मी म्हणालो, फसवणं नाही, उसनं घेणं. शेजारणीकडून वाटीभर साखर नाही का आणत? म्हणाली, "साखर परत द्यावी लागती." पण हात पुढं केला. पुण्याचं नाव काढलं की ती हात पुढं करते.

फोटोत बांगड्या येत होत्या. मशीन जवळून घेतलं. आता नुसता आकडा दिसतो.

१३ जुलै, रविवार

चंदनाचं रविवारी मीठ सोडलेलं असतं. लग्नाच्या आधीपासूनचा नेम. आज कट्ट्यावर जाहीर केलं की मीही रविवारी मीठ सोडलं आहे. सगळे थक्क. जेवायला बसलो तेव्हा आमटी तोंडात जाईना. नेम आमटीपुरता ठेवला. लोणचं वेगळं घेतलं.

२० जुलै, रविवार

रमजान टेलरनं विचारलं, गोळी घेतोस का रोज. माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्याशी खोटं बोलवत नाही, म्हणून धर्माची अडचण सांगितली. तो काजं करता करता थांबला. म्हणाला, "आरं गड्या, मला रोजे आले की दिवसभर पाणी न्हाई चालत. मी डॉक्टरला इचारलं. त्येनं पहाटं सहरीच्या जेवणाला घ्या म्हणून येळ बदलून दिली. तू इचारलंस का?"

मी हसलो. आमचा विषय सूक्ष्म आहे, त्याला कळणार नाही.

पण सूक्ष्म म्हणजे नेमकं काय, हे घरी येईपर्यंत मलाही आठवलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आठवडा उलटून तीन झाले. रेकॉर्ड उत्तम. १२४, १२८, १२२, १३०. अतिशयनं ते सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलं: अण्णांनी महिन्यात बीपी आणलं खाली, शिका. जयसिंगपूरच्या साडूचा फोन, काय खातोस म्हणून. दुधी भोपळ्याचा रस सांगितला. मी स्वतः घेतलेला नाही, पण ऐकून आहे.

माझं स्वतःचं मोजलेलं नाही. आता गरजही वाटत नाही. रोज सकाळी १२४ बघून मलाच हलकं हलकं वाटतं.

घरात स्वयंपाक माझ्यासाठी अळणी. दोन दोन भाज्या कशाला म्हणून चंदनाही तीच खाते आणि लोणच्याच्या बरण्या वाया जाऊ नयेत म्हणून लोणचंही तीच संपवते. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून रोज एक गोळी आणते. ही गोळी तिला चालते!

११ ऑगस्ट, सोमवार

१४२/९०. चंदनाचं, म्हणजे माझं.

चारदा लावलं. १४६, १४२, १४४, १३८. एकशे अडतीसचा फोटो टाकला. अतिशय लगेच: "अण्णा, थोडं वाढलंय. लोणचं खाल्लंत?" महिनाभराची अब्रू एका सकाळी खाली आली. चंदनाला विचारलं, काल काय खाल्लंस, झोपली होतीस का नीट? आवाज जरा चढला. ती म्हणाली, "माझं डोकं दुखतंय कालपास्नं." मी म्हणालो, मग आधी सांगायचं, मोजलंच नसतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

१५०/९४. फोटो काढून ठेवला, ग्रुपवर मात्र मशीनचे सेल संपलेत असं कळवलं. तिला चालायला पाठवलं. लोणचं बंद केलं, तिचं. मोसंबी आणली. शेजारच्या बयाबाई म्हणाल्या, अजितअण्णा बायकोला किती जपतात. बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग दुकानात गिऱ्हाईक आलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

१५६/९६. तिनं विचारलं, "किती आलं?" मी म्हणालो, छान.

तिच्या चष्म्याची काडी जूनमध्ये मोडली. तासगावला नेऊन बसवायची आहे, राहून जातं. चष्म्याशिवाय तिला मशीनवरचा आकडा दिसत नाही. हे बरं की वाईट, यावर आज फार वेळ विचार केला. उत्तर आलं होतं, लिहीत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

रमजानकडं गेलो. त्याला सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की पाच मिनिटं हात दे, फोटो काढायचा आहे. त्याला बरोबर कळलं. टेलर माणूस, बघून माप घेतो. म्हणाला, "माझा हात गोळीवर चालतोय. गोळी मी खायची आणि टाळ्या तुला? आन् आजवर कुणाचा हात लावत होतास?"

मी म्हणालो, कुणाचाच नाही.

"वैनीचा?"

मला दुकान उघडायचं होतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तोडगा निघाला. मोजायचंच नाही. जुलैचे फोटो फोनमध्ये आहेत, तेच पुन्हा पाठवायचे. मशीनवर तारीख येते, ती फोटो कापून काढता येते. कीर्तीनं मागं एकदा शिकवलं होतं, आंब्याच्या पेटीचा फोटो कापायला. आज १२४ पाठवलं. टाळ्या.

आता चंदनाला रोज पट्टा बांधावा लागत नाही, तिलाही आराम. मशीन कपाटात ठेवलं. दार नीट लागेना, दोनदा लावलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

दशलक्षण पर्व सुरू आहे, दहा दिवस, रोज एका गुणाचा. आज उत्तम संयमाचा दिवस. मंदिराच्या हॉलमध्ये मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं: "आहार-संयमातून रक्तदाबावर विजय." बावीस मिनिटं बोललो. चंदनाचा एकवेळचा उपास, तरी पुढच्या रांगेत बसली होती. माझ्याकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती. एका हातानं कपाळ दाबून धरलेलं.

भाषणानंतर पूजानं हॉलच्या कोपऱ्यात टेबल मांडलं, बायकांचं बीपी बघायला. चंदना रांगेत तिसरी. आकडा वहीत गेला की अतिशयला कळणार, मग पुणं, मग कधीपासून, मग सगळंच. मी लगबगीनं जाऊन म्हणालो, घरी पाहुणे आलेत, चल. पूजा म्हणाली, "अण्णा, दोन मिंट लागत्यात." मी म्हणालो, आमच्या घरी मशीन आहे, रोज बघतो आम्ही. ते खरं होतं. पूर्वी.

वाटेत चंदनानं विचारलं, "कोण पाहुणं?" मी म्हणालो, आले असते. फार हळू चालत होती.

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावाणी. पर्व संपलं की वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या सगळ्यांची "उत्तम क्षमा" म्हणून क्षमा मागायची. सकाळपासून फिरलो. साडूला फोनवर, कट्ट्यावरच्यांना समोर, रमजानला दुकानात जाऊन. तो म्हणाला, "मला कशाला? घरी जा." अतिशयला हात जोडलेला फोटो पाठवला. एकूण त्रेसष्ट लोक झाले.

घरी आलो तर चंदना दुपारची आडवी झाली होती. उठवावं वाटेना. शिवाय घरच्या माणसाकडं काय मागायची, तिथं धरलेलीच असते.

उंबऱ्यात जरा वेळ उभा राहिलो. मग दुकानात आलो.

२२ सप्टेंबर, सोमवार

राहवेना म्हणून मशीन काढलं. तिला म्हणालो, सहज. १७४/१०८.

पुन्हा १७६.

"किती आलं?"

तोंडातून "छान" गेलं. इतक्या दिवसांची सवय. शब्द बाहेर पडला आणि परत घ्यायला मी तोंड उघडलं होतं, पण तिनं तोवर पदर सावरला आणि म्हणाली, "मग डोकं का दुखतंय गं बाई." स्वतःशीच. दुकानातल्या बरणीतली डोकेदुखीची गोळी दिली तिला.

हा फोटो कुठंही पाठवला नाही. पुसलाही नाही.

संकल्प. पक्का. दिवाळी झाली की दुसऱ्या दिवशी तिला तासगावच्या डॉक्टरांकडं नेणार. येताना चष्म्याची काडीही. चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जिंकलो. अतिशयचा फोन, अण्णा तुम्ही करून दाखवलंत, पुण्याचं रद्द, राहा तुमच्या गावी. चंदनाला सांगितलं. ती हसली, आणि हसता हसता खाली बसली. म्हणाली चक्कर आली. म्हणाली, "आता एकदा खरं सांगून टाका त्येला. मला मंदिरात डोळं मिटवंनात."

सांगणार. दिवाळीला तो येईल तेव्हा समोरासमोर. आणि डॉक्टरकडं दिवाळीनंतर नाही, याच सोमवारी. नक्की.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीच्या मालाची गाडी आली. रवा, मैदा, पणत्या. दुकान सोडता येईना. बुधवारी नक्की.

१५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी.

निघायचं म्हणून तिनं चहा आणला. कप माझ्या हातात देताना तिच्या हातातून सुटला. डाव्या. मी म्हणालो, लक्ष कुठं आहे तुझं?

ती माझ्याकडं बघत राहिली. तोंड एका बाजूला ओढलेलं. काहीतरी म्हणत होती. मला कळेना.

दुपारी. मिरज.

रमजाननं त्याच्या भाच्याची व्हॅन आणली. पूजा मागं बसली, चंदनाचं डोकं मांडीवर घेऊन. पूजा एकसारखं विचारत होती, किती वाजता झालं, अण्णा, नेमकं किती वाजता? मला कप फुटल्याचं आठवत होतं, घड्याळ आठवत नव्हतं. सव्वाआठ असावं. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. मेंदूत गुठळी. आत नेलं. बाहेर येऊन विचारलं, यांना बीपी होतं का? कधीपासून? आधीची काही रीडिंग्ज?

मी म्हणालो, माहीत नाही.

रमजान माझ्याकडं बघत होता. मी भिंतीवरचा पंखा बघितला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. मिरज.

अतिशय पहाटे पोचला. आल्याबरोबर माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "तुम्ही जपा स्वतःला अण्णा. तुमचं मोजलंत आज?"

यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर राउंडला आले. चंदना जागी. बोलणं जड, पण कळतं. डावा हात पांघरुणावर ठेवलेला, जिथं ठेवला तिथंच. या हाताला मी चाळीस दिवस पट्टा बांधला. या हातानं माझं गाव राखलं. मला तिथं उभं राहवेना.

डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. मी फोन काढला. फोटो उघडले. म्हणालो, डॉक्टर, हे आहेत. ११ ऑगस्टपासून वाढत गेलंय. २२ सप्टेंबरला १७४ होतं.

अतिशय म्हणाला, "अण्णा, हे तर तुमचे फोटो."

मी म्हणालो, नाही. माझा त्यातला एकही नाही.

डॉक्टरांनी एकेक बघितला, कागदावर उतरवून घेतलं. मग विचारलं, तुमची गोळी? मी सूर्यास्ताचं सांगितलं. ते म्हणाले, "मग सकाळी घ्यायची की." अर्धं मिनिट लागलं. तीन महिन्यांचं धर्मसंकट अर्ध्या मिनिटात.

अतिशय पाण्याची बाटली आणायला म्हणून गेला. तासानं आला. बाटली नव्हती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

महावीर निर्वाणाचा लाडू चढवायला मंदिरात गेलो नाही. कट्ट्यावर सगळ्यांना कळलं आहे. मी गेलो की विषय पावसाचा निघतो. जयसिंगपूरच्या साडूचा फोन आला, तो अजून दुधीचा रस घेतोय. त्याला म्हणालो, थांब, आधी डॉक्टरकडं जाऊन मोजून घे. तो म्हणाला, का, तुला तर गुण आला होता.

त्यालाही सगळं सांगितलं.

२ नोव्हेंबर, रविवार

चंदनाला सोडलं. बोलणं सुधारलंय. हाताला व्यायाम पाहिजे, रोज, माणूस येऊन करून घेणारा. तो पुण्यात अतिशयच्या घराजवळ आहे. म्हणून ती पुण्याला. अकराव्या मजल्यावर.

मी म्हणालो, मीही येतो. अतिशय म्हणाला, "आत्ता नको अण्णा. तुम्हाला दुकान सांभाळायचं होतं ना." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

गाडीत बसायच्या आधी तिच्या पलंगापाशी गेलो. क्षमावाणी होऊन दोन महिने झाले होते. त्रेसष्ट लोकांना घडाघडा म्हटलेले दोन शब्द, पण तोंडातून फुटेनात. तिचा डावा हात हातात घेतला, तो हलकाच लागला, आणि रडू आलं. म्हणालो, चंदना, मला ठाऊक होतं. तू विचारायचीस तेव्हा मला आकडा दिसत होता.

ती जड जिभेनं एकेक शब्द म्हणाली, "मलाबी कळायचं. छान म्हणताना... तुमचं त्वांड... कवाच छान नसायचं." पुढं म्हणाली, "मी बी हात दिलाच की. मलाबी... जायचं नव्हतं पुण्याला."

तिचा चष्मा मी तासगावला नेऊन काडी बसवून आणला होता. तो तिच्या डोळ्यांवर ठेवला. गाडी गेली.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुकान चालू आहे. गाव आहे, कट्टा आहे. जे जे पाहिजे होतं ते सगळं आहे. मोगऱ्याला पाणी घातलं. जास्त झालं बहुधा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पूजा मशीन घेऊन आली, मला कट्ट्यावर बसवलं. माझं १८२/१०६. म्हणाली, "अण्णा, आता रोज मोजायचं, सोत्ताच्या हाताचं." कट्ट्यावरच्या चौघांनी मान दुसरीकडं केली. गोळी पुन्हा आणली. संकल्प लिहीत नाही. संकल्प लिहून लिहून या वहीची पानंसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवेनात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सात. एकट्यानं स्वतःच्या दंडाला पट्टा बांधणं किती अवघड आहे हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. दातांत टोक धरलं. दोनदा सुटला. १७८/१०४. मशीनवरच्या तारखेसकट फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. माझा पहिला.

निळी खूण लगेच आली. उत्तर दहा मिनिटांनी. अतिशयनं लिहिलं होतं:

"हे कुणाचं?"

मी लिहिलं, "माझं."

पुढं काही आलं नाही. रमजानला हाक मारली. तो अर्धी शिवलेली चोळी हातात घेऊन आला. त्याच्याकडून फोटो काढून घेतला, त्यात मशीन, पट्टा, माझा दंड आणि माझं तोंड. पाठवला. तोंड फार वाईट आलं आहे.

मग चंदनाचा आवाज आला, फोनवर बोलून पाठवलेला. शब्द आता बरेच सुटे झालेत. "दिसलं. चष्म्यानं नीट दिसलं. गोळी घेतली का?"

लिहिलं, "घेतली."

मग उठून गोळी घेतली. म्हणजे खोटं फार तर दोन मिनिटांचं झालं. दोन मिनिटांत कुणाचं काय बिघडतं? एवढं तर देवही...

पुन्हा फोन उघडला. लिहिलं, "मघाशी घेतली नव्हती. आत्ता घेतली."

चंदनाची निळी खूण आली. साडेनऊ वाजले, अजून उत्तर नाही. दुकान उघडायचं राहिलं आहे.